दुसरा हात

खंडेराव मार्केटात भाजीवालीसमोर उभं राहिल्यावर श्रीपतराव मोहित्यांना तोंडलीचं नाव आठवेना, आणि आधी त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. वय झालं की नावं निसटायचीच. पण हे नाव एकटं गेलेलं नव्हतं. तोंडली समोर होती, पाणी मारून ठेवलेली, हिरवीगार, अंगावर पांढऱ्या रेघा. ती उभी चिरायची की गोल, बायको सुनेत्रा तिच्यात दाण्याचं कूट घालते की ओलं खोबरं, सगळं त्यांना ठाऊक होतं. फक्त तिला म्हणतात काय, ते कुठं सापडेना. बरं, बडोद्याच्या मराठी माणसाकडं एकेका भाजीला दोन-दोन नावं. एक घरातलं, एक बाजारातलं. मराठी नाही तर गुजराती येईल म्हणून ते थांबले, तर तेही येईना. "शुं आपुं, साहेब?" भाजीवालीनं विचारलं. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर आतून नुसतं 'अं' आलं. पुन्हा एकदा जोर केला, पुन्हा 'अं'. शेवटी त्यांनी तोंडल्यांकडं बोट दाखवलं. बाईनं मापून पिशवीत घातली आणि शेजारणीला म्हणाली, "साहेब तो बोलता पण नथी." तिला वाटलं, माणूस शिष्ट आहे. आयुष्यभर ज्यांना लोक 'मास्तर, आता पुरे' म्हणत आले, त्या श्रीपतरावांना कुणीतरी पहिल्यांदाच न बोलणारा म्हटलं होतं.

बाहेर येऊन ते भिंतीच्या सावलीला उभे राहिले. रिक्षा जात होत्या, कुणीतरी केळी मोजत होतं, उन्हात सगळं जिथल्या तिथं होतं. आणि मग, अंगातला काटा निघावा तसा, शब्द आला. तोंडली. मागोमाग तिचं गुजराती नाव, टिंडोळां. ते मोठ्यानं म्हणाले, "तोंडली." पुन्हा म्हणाले. शेजारून जाणाऱ्या बाईनं पदर सावरला. श्रीपतराव दांडिया बाजारातल्या घराच्या दिशेनं चालू लागले आणि चालताना पुटपुटत राहिले, तोंडली, पडवळ, सुरण, सुनेत्रा, श्रीपत, मोहिते. सगळे शब्द हजर होते. मग झालं काय होतं? झालं काय होतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं की हे कुणाला सांगायचं नाही.

त्यांचे थोरले भाऊ बळवंतराव घडियाळी पोळात राहायचे. रेल्वेत होते, आवाज असा की स्टेशनात भोंग्याची गरज नाही. एका सकाळी दाढी करता करता खाली बसले आणि उठले तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, 'चला'. चहा हवा असला तरी चला, राग आला तरी चला, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवतानाही चला. पुढं काही वर्षं ते असेच जगले. श्रीपतरावांना त्या आजाराची तेवढी भीती वाटली नव्हती, जेवढी स्वतःची वाटली होती. कारण घरी पाहुणे आले की दादांच्या वतीनं बोलायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं. "दादांना गोड नको," "दादा दमलेत," "दादांना हे पटत नाही." दादा 'चला, चला' करत मान हलवायचे आणि ती मान हो म्हणतेय की नाही, हे बघायला कुणी थांबत नसे. श्रीपतरावही थांबत नसत. जिवंत माणूस खोलीत बसलेला आणि त्याच्याबद्दल तो नसल्यासारखं बोलणं चाललेलं. मरण परवडलं, पण हे नको रे बाबा. नुसतं कळलं तरी सुरू होईल, याची त्यांना खात्री होती. सुनेत्रा उद्यापासून त्यांची वाक्यं स्वतः पूर्ण करू लागेल. प्रेमानंच करेल. पुण्याहून मुलाचा, कुशलचा फोन येईल, तो आईला विचारेल, "बाबा कसे आहेत?" आणि फोन त्यांच्याकडं येणारच नाही.

घरी आले तर दारात पांढऱ्या बुटांचा एक अनोळखी जोड. आत सुनेत्राबाई कुणाशी तरी बोलत होत्या. "आलेच बघा हे," त्या म्हणाल्या. सोफ्यावर पांढऱ्या कोटातली एक मुलगी होती, सावळी, घट्ट वेणीची, गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालेलं. दवाखान्यात नर्स होती आणि नर्सिंगचाच मोठा अभ्यास करत होती. त्या अभ्यासासाठी साठीपुढच्या लोकांचा रक्तदाब मोजत सोसायट्यांतून हिंडत होती. सुनेत्राबाईंचा मोजून झाला होता, थोडा वाढलेला, नेहमीसारखा. श्रीपतरावांनी पिशवी टेबलावर ठेवली, 'हं' म्हणाले आणि पेपर उघडून त्यात डोकं घातलं. पेपरातले शब्द ते एकेक करून तपासत होते, मागचा-पुढचा संबंध न लावता, पाहुण्यांनी चप्पल नेली का बघावं तसे. मुलगी काय काय सांगत होती, कशासाठी आलीय, संमती कशावर द्यायची. सुनेत्राबाई 'हो हो' म्हणत होत्या.

"काका, आता तुम्ही."

"मला कशाला? माझा नॉर्मल असतो," श्रीपतराव म्हणाले. वाक्य अख्खं आलं म्हणून त्यांना बरं वाटलं, म्हणून त्यांनी ते लांबवलं. "गेली कित्येक वर्षं. कमाटीबागेत आमचा सकाळचा कट्टा आहे, त्यात एकटा मीच बिनगोळीचा. लोणचं खातो, पापड खातो. विचारा हिला."

"विचारायचं काय त्यात," सुनेत्राबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर मुद्दाम खातात."

मुलगी हसली. म्हणाली, "मग तर मला पायजेच, काका. नॉर्मलवाला माणूस भेटत नाही हो कुठं." तिचं मराठी गुजराती वळणाचं होतं, ऐकायला गोड. तिनं त्यांना पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीला टेकवायला लावले, पायावरचा पाय काढायला लावला. "आता थोडा वेळ एकदम चुपचाप. बोलायचं नाही. बोललं की आकडा चढतो." नेमकं आजच कुणीतरी त्यांना बोलू नका म्हणावं! श्रीपतराव गप्प बसले आणि त्या गप्प बसण्यात त्यांना भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. मनात ते म्हणत होते, तोंडली, तोंडली. तिनं उजव्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. "एकशे सव्वीस, अठ्ठ्याहत्तर." श्रीपतरावांनी सुनेत्राबाईंकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. म्हणजे मघाचं ते काही नव्हतं. ऊन होतं. पित्त होतं. त्यांनी बाही खाली केली.

"काका, आता दुसरा हात द्या."

इथं त्यांचं काहीतरी अडलं. असा हात कुणी मागितलाच नव्हता. आजवर डॉक्टरांकडं जाताना ते खुर्ची अशी ओढून घ्यायचे की उजवा हात आपसूक पुढं येईल, आणि डॉक्टरही तोच घ्यायचे. लहानपणीचे वैद्यबुवा तर पुरुषाची नाडी उजव्याच हाताला बघायचे. आणि मोहित्यांच्या घरात डावा हात म्हणजे झाकून ठेवायची गोष्ट. आजोबा सरकारवाड्यावर कारकून होते. दरबारात वावरलेल्या माणसाचा दंडकच होता, की देवाला नाही, माणसाला नाही, अगदी गाईलासुद्धा डाव्या हातानं घास द्यायचा नाही. आणि अशा घरात श्रीपत जन्मला तो डावखुरा. चेंडू डाव्या हातानं, खडू डाव्या हातानं, घास डाव्या हातानं. आईनं खूप सांगून पाहिलं, मग एक दिवस जेवताना लुगड्याची चिंधी घेऊन त्याचा डावा हात पाटाला बांधला. रागावून नव्हे. बांधताना तिच्याच डोळ्यांत पाणी होतं, हे त्यांना अजून दिसतं. उजव्या हातानं वरणभात सांडत सांडत ते जेवले, आणि पुढं त्याच हातानं लिहायला शिकले, त्याच हातानं शाळेत फळ्यावर इतिहास लिहिला. अक्षर सुंदर नव्हतं, पण सरळ होतं. शेवटच्या वर्षांत मात्र फळ्यावर वर हात धरला की उजवा दंड भरून यायचा, दुखायचा, बोटं गार पडायची. ते खडू ठेवून द्यायचे आणि तोंडीच सांगायचे. मुलं म्हणायची, मास्तर आळशी झाले. त्यांनाही तसंच वाटायचं. डाव्या हाताला खडू द्यावा, असं एकदाही मनात आलं नाही.

"हाच घ्या ना पुन्हा," ते म्हणाले आणि उजवाच पुढं केला.

"बडोद्यात जा नायतर आमच्या पादऱ्याला जा," मुलगी म्हणाली, "हात मागितला की उजवाच येतो, काका. कुणी डावा देतच नाही. माझी आजी पण देत नव्हती. म्हणून तर मी हे काम घेतलंय. द्या, लाजू नका." आणि वाट न बघता तिनं त्यांचा डावा हात मांडीवरून उचलला, आपल्या दोन्ही हातांत घेतला, बाही सारली. त्या हाताला असं कुणी धरल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. श्रीपतरावांना एकदम गलबलून आलं, आणि का ते कळेना, म्हणून ते छताकडं बघू लागले.

पट्टा फुगला, खूप वेळ फुगत राहिला. मुलीनं आकडा पाहिला आणि सांगितला नाही. पट्टा काढून नीट बसवला, थोडं थांबून पुन्हा घेतला. मग उजव्याला. मग पुन्हा डाव्याला. मग दोन्ही मनगटं दोन हातांत धरून डोळे मिटून बसली. तिचं मघाचं हसू चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. "काका, उजव्या हाताची नाडी बारीक लागते. त्या हाताकडं जाणारी नळी अरुंद झालेली असणार, म्हणून तिथं आकडा कमी दिसतो. खरा आकडा डाव्या हाताचा." तिनं तो सांगितला. दोनशेला टेकलेला. सुनेत्राबाई सोफ्यावरून उठल्या आणि काय करावं न सुचून स्वयंपाकघरात गेल्या. चहाचं भांडं वाजलं.

म्हणजे इतकी वर्षं? कट्ट्यावरच्या बढाया, लोणची, पापड, 'माझं हृदय पंचविशीतलं आहे' म्हणून सगळ्यांना ऐकवलेलं. आणि हे रक्त मात्र आत डोक्याकडं धडका देत होतं. ज्या हाताला खरं सांगता येत होतं, त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी स्वतः विचारू दिलं नाही. कुणाला दोष द्यायचा? आईला? छे. आजोबांना? डॉक्टरांनी तरी जो हात पुढं आला तो घेतला. श्रीपतराव स्वतःवरच चिडणार होते, पण चिडायला पुरेसा जोर येईना. दादा तेवढे डोळ्यांसमोर येत होते, दाढीचा साबण अर्ध्या गालाला तसाच.

"काका, एक विचारू?" मुलगी म्हणाली. "ह्या चार दिवसांत, नायतर आज, काही झालं का? तोंड वाकडं, हातात जोर नाही, शब्द सुचत नाही असं?"

"नाही," श्रीपतराव म्हणाले. पटकन म्हणाले. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला थापा पटकन ओळखता येतात, स्वतःच्याही. सामान आवरायला हवं होतं, ते मुलीनं आवरलं नाही. अजून तिनं त्यांचा डावा हात सोडला नव्हता, नुसता धरून बसली होती, कसलीच घाई नसल्यासारखी. हो म्हटलं तर आजपासून आपण बळवंतराव. नाही म्हटलं तर कदाचित उद्यापासून, आणि मग हो म्हणायलाही जागा नाही. 'चला' एवढंच. त्यांच्या लक्षात आलं की आत्ता, या क्षणी, शब्द जवळ आहेत आणि ते वापरायला दुसरी वेळ नाही. स्वयंपाकघराकडं एक नजर टाकून ते हळू आवाजात म्हणाले, "बेन, मघाशी मंडईत माझे शब्द गेले होते. तोंडलीला काय म्हणतात ते येईना. काहीच येईना. नुसतं अं अं करत होतो. मग आले परत." आणि मग आणखी हळू म्हणाले, "हिला सांगू नका."

मुलगी झटकन उठून उभी राहिली. "किती वाजता?" तिनं विचारलं. "किती वेळ?" आणि उत्तर ऐकता ऐकताच फोन कानाला लावून आतल्या दिशेनं म्हणाली, "काकू, गॅस बंद करा. आपल्याला जायचंय."

"अहो, पण आता मी बरा आहे की," श्रीपतराव म्हणाले.

"बरे आहात म्हणून तर जायचं. नसल्यावर जाऊन काय उपयोग? चालो."

रिक्षात ती त्यांच्या शेजारी बसली, आणि पलीकडं सुनेत्राबाई, मांडीवर पर्स घट्ट धरून. सांगायचं नव्हतं ते बाईंना कळलं होतंच. घराच्या पायऱ्या उतरतानाच मुलीनं त्यांना सरळ सांगून टाकलं होतं. "तुमचं गुपित ठेवलं असतं, काका," ती म्हणाली, "पण ह्याच्यात गुपित चालत नाही. आता बोलत राहा. पाट्या वाचा." मग श्रीपतराव रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाट्या मोठमोठ्यानं वाचत निघाले, गुजराती, हिंदी, इंग्रजी, फरसाणवाला, चष्मेवाला, भांड्यांचं दुकान, दातांचा डॉक्टर. रिक्षावाला आरशातून बघत होता. एका पाटीवर ते अडखळले तेव्हा सुनेत्राबाईंचे ओठ हलले. शब्द त्यांच्या ओठावर होता. पण त्या बोलल्या नाहीत. नवऱ्याच्या तोंडाकडं बघत, श्वास धरून, थांबून राहिल्या. श्रीपतरावांनी ती पाटी पुन्हा पाहिली आणि वाचली. मग त्यांनी बायकोचा हात धरला. या बाईबद्दल आपण सकाळी काय काय धरून चाललो होतो, या विचारानं त्यांना लाज वाटली.

दवाखान्यात पुढचं सगळं भराभर झालं आणि त्यांच्या अंगावरून गेलं. डोक्याचा फोटो, मानेच्या नळ्यांचा फोटो, हृदयाच्या पट्ट्या. तरुण डॉक्टरांनी संध्याकाळी समोर बसून सांगितलं की मेंदूला इजा झालेली नाही, ती पूर्वसूचना होती. अशी सूचना मिळालेली पुष्कळ माणसं घरीच बसतात, आणि मग मोठा झटका येतो. गोळ्या आता जन्माच्या. दाब हळूहळू उतरवायचा, एकदम नाही. उजव्या हाताच्या नळीचं पुढं बघू, गरज पडली तर. आणि यापुढं रक्तदाब कुठंही मोजला तरी डाव्या हाताला. "लक्षात राहील ना?" त्यांनी विचारलं, सुनेत्राबाईंना नव्हे, श्रीपतरावांना. श्रीपतरावांना तो पोरगा फार आवडला.

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा नर्सशी चहावरून भांडत होते. सुनेत्राबाई घरून मऊ भाताचा डबा घेऊन आल्या होत्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली होती. श्रीपतराव पडून होते आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट भरून राहिली होती, की आपल्यावर उपकार झाले आहेत. देवाचे म्हणावं तर देवाचे, पण देवानं दारात पांढरे बूट काढून ठेवले नव्हते, ते एका पोरीनं ठेवले होते. आता तिला सांगायचं कसं? 'आभारी आहे' म्हणजे स्नेहसंमेलनात शेवटी उठून म्हणायची गोष्ट, हार-नारळ देणाऱ्यांसाठी. घरातल्या माणसाला कुणी आभारी आहे म्हणतं का? आणि घरातलं नाही म्हणावं तर मग कालपासून ती आहे तरी कोण? काही द्यावं, तर ती घेणार नाही असं तिच्या तोंडावर लिहिलेलं. त्यांनी मनातल्या मनात दोन-तीन वाक्यं जुळवली आणि सगळी भाषणासारखी झाली म्हणून टाकून दिली.

तेवढ्यात ती आलीच. आज वॉर्डात तिचीच पाळी होती. निळा गणवेश, वेणी तशीच घट्ट. तिनं त्यांचा डावा दंड न विचारता घेतला, आकडा पाहिला, मान डोलावली. "उतरायला लागला. सरस." मग खिशातून टॉर्च काढून डोळ्यांत पाहिलं, दोन्ही हातांनी आपली बोटं दाबायला लावली, दात दाखवायला लावले. "आता नावं, काका. हे काय?"

"पेन."

"हे?"

"घड्याळ. माझ्यापेक्षा पुढं आहे."

"हे?"

"डबा. मऊ भात आहे त्यात. मीठ नसणार."

सुनेत्राबाईंनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. मुलीनं चमचा दाखवला, उशी दाखवली, बाहेरचं कडुलिंबाचं झाड दाखवलं. श्रीपतराव धडाधड उत्तरं देत गेले. प्रत्येक शब्द आला की आत कुठंतरी हुश्श व्हायचं, आणि तो ज्यांच्यामुळं आला त्या सगळ्यांसाठी ऊर भरून यायचा, डॉक्टरांसाठी, रिक्षावाल्यासाठी, त्या बारक्या पोरीसाठी, जी हातातली वस्तू अशी उंच धरत होती. मग वस्तू संपल्या. तिनं हसत स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"आणि मी कोण?"

श्रीपतरावांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

तो चेहरा समोर होता, सावळा, ओळखीचा, आता जगातल्या कुठल्याही चेहऱ्याइतका जवळचा. तिचं सगळं त्यांना ठाऊक होतं, तिची आजी, पादरा, तिचे पांढरे बूट. नाव तेवढं नव्हतं. त्यांनी शोधलं, पुन्हा शोधलं. कपाळाला घाम आला. म्हणजे परत गेलं. म्हणजे सुरू झालं. "मला," ते म्हणाले, "मला येत नाहीये. बेन, मला तुमचं नाव येत नाहीये." त्यांनी तिच्या बाहीला धरलं.

मुलीनं एक क्षण त्यांच्याकडं निरखून पाहिलं. मग तिला खुदकन हसू आलं, आणि ते आवरत तिनं त्यांचा हात थोपटला. "अरे काका, घाबरू नका. गेलं नाही ते. तुम्हाला मिळालंच नव्हतं. काल मी काकूंना सांगितलं, तेव्हा तुम्ही पेपरात डोकं घालून बसलेले. नंतर तुम्ही विचारलं नाही, आणि सांगायचं माझं पण राहून गेलं."

श्रीपतरावांनी तिची बाही सोडली. ते गेलं नव्हतं. एका पोरीनं त्यांना अख्खी भाषा परत आणून दिली, आणि त्यांनी तिला नावही विचारलं नव्हतं. लाज वाटली आणि सुटल्यासारखं वाटलं, दोन्ही एकदम, आणि डोळे भरले ते त्यांनी पुसले नाहीत.

"मग आता विचारतो, बाळ," ते म्हणाले. "तुझं नाव काय?"

"रसिका."

"रसिका," श्रीपतराव म्हणाले. मग परत एकदा म्हणाले, येत होतं म्हणून.